येशू बोकड घेत नाही

साखरशेत, ता. जव्हार
सोमवार, २५ नोव्हेंबर

चि. सौ. प्रगती बाय,

आईचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे बरे असाल, असं लिहायची रीत आहे. पण तुम्ही बरे नाही हे मला कळलंय, म्हणून ते लिहीत नाही.

पहिलं विचारायचं ते विचारते. पोर कशी आहे? पुष्पाने सांगितलं की तिला दवाखान्यात ठेवलंय, छातीत कफ भरलाय, नाकाला नळी लावलीय. नळी कशाची ते पुष्पाला सांगता आलं नाही. पुष्पाचा नवरा जिवा नाशिकला भाजीची गाडी घेऊन येतो, त्याला आपल्या जावयाने, चंदूने सांगितलं. जिवाने पुष्पाला, पुष्पाने पाण्यावर सगळ्या पाड्याला. तुझ्या पोरीची बातमी मला, तिच्या आजीला, सगळ्यांच्या शेवटी कळली. असू दे.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता, पुष्पाच्या फोनवरून. चंदूने उचलला. "हॅलो, कोण?" म्हणाला. मागे कसलं तरी मशीन वाजत होतं. मी फोन बंद केला. आणि तुझ्याशी फोनवर बोलायला गेले की मी भांडते आणि तू कट करतेस. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस वाचतं. माझं शिक्षण तुला माहीतच आहे, आश्रमशाळेत चौथीपर्यंत, आणि त्यातही अर्धा वेळ मी पळून घरी आलेली असायची. चुका असतील तिथे तू सुधारून घे. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असतं, पण हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

इकडचं सांगते. भात झोडून झालं. नागली अजून खळ्यावर आहे. तुझा बाप गुडघा धरून ओट्यावर बसतो आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना हुकूम सोडतो. तुझा भाऊ मंगेश वसईला बांधकामावर गेला, तिकडून हिंदी शिकून आलाय आणि बोकडाशी पण हिंदीत बोलतो.

त्या बोकडाबद्दलच लिहायचं आहे. हसू नको. तुमच्या लोकांचा नियम काय आहे ते विचारायचं आहे, आणि तुझ्याशिवाय त्यांच्यातलं माझं कोणी नाही.

आपल्या काळ्या शेळीचा बोकड आहे, कपाळावर पांढरा ठिपका. तो पिल्लू होता तेव्हाच मी त्याच्या कानाला खाच मारली. खाचेचा बोकड विकायचा नाही, पाहुण्याला कापायचा नाही, तो देवाचा, हे तुला सांगायला नको. तुझ्या बापाला वाटलं हिरव्या देवाला सोडलाय. मी त्याला तसंच वाटू दिलं. तो बोकड तुमच्या येशूचा आहे.

आई, तू कधीपासून आमच्यात आलीस, म्हणशील. मी गेले नाही कुठे. नवस बोलले, एवढंच. नवस बोलायला त्यांच्यात जावं लागतं असं कोणी सांगितलं नव्हतं. वाघदेवाला बोलतो तेव्हा आपण काय वाघ होतो?

कशासाठी बोलले ते आत्ता विचारू नको. काम झालं. देवाने त्याचं केलं, आता मी माझं करायचं. म्हणून दिवाळी झाल्यावर, भात घरात आल्यावर, एका रविवारी बोकडाला आंघोळ घातली, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि जीपने मोखाड्याला जगनकडे घेऊन गेले. जगन तुला आठवत असेल. आपल्या पाड्यातल्या रामीचा मुलगा, लहानपणी आपल्या चिंचेला दगड मारायचा. तो आता आईला घेऊन मोखाड्याला राहतो, पास्टर झालाय. रविवारी त्याच्या ओट्यावर माणसं जमतात, पेटी वाजते, गाणी होतात.

मी बोकड घेऊन अंगणात उभी राहिले. गाणं थांबलं.

"हौशीकाकी, हे काय?"

"बोकड."

"ते दिसतंय. कशाला आणलास?"

"तुझ्या देवाचा आहे. नवस होता. कुठे बांधू?"

तो ओट्यावरून खाली आला. "काकी, येशूला नवस नसतो गं."

"तुझ्याकडे नसेल. मी बोललेय."

"त्याला बोकड लागत नाही."

"मग काय लागतं? कोंबडा? आधी सांगायचं ना. बोकड वर्षभर पोसला मी."

ओट्यावरची माणसं हसायला लागली. पुढे चंद्रा बसली होती, जुन्या पोस्टाजवळ राहते ती. फार शहाणी. ती म्हणाली, "काकी, त्याला मन लागतं, मन."

मी म्हटलं, "मन शिजवून पाड्याला वाढता येतं का गं?"

जगनने चंद्राला गप्प केलं. माझ्या हातातली दोरी त्याने धरली नाही, पण बोकडाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काकी, त्याने तुला जे दिलं ते फुकट दिलंय. त्याला कृपा म्हणतात. तू बोकड बोललीस म्हणून नाही दिलं. तू काहीच बोलली नसतीस तरी त्याने दिलं असतं."

बाय, हे वाक्य मला इतकं लागलं की मी त्याला तिथेच मारलं असतं. का ते पुढे लिहिते.

मी म्हटलं, "फुकट कोण देतं रे? रेशनवर फुकट तांदूळ मिळतो, तिथेही अंगठा घेतात. तू निदान अंगठा तरी घे."

"अंगठाही नको, काकी."

"मग मी दिलं हे त्याला कळणार कसं?"

"तू काही देऊच नको. घे फक्त."

मी बोकड घेऊन परत आले. माळ अर्धी त्याने वाटेत खाल्ली.

पुढच्या रविवारी परत गेले. बोकड नेला नाही, म्हटलं आधी नियम नीट समजून घ्यावा. आपल्या पाड्यात सगळ्यांचा समज असा की येशू म्हणजे दुखणं बरं करणारा देव. भगताने हात टेकले की जगनकडे जायचं, डोक्यावर हात ठेवून घ्यायचा. गौरा गेली होती डोकं दुखतं म्हणून. डोकं दुखायचं थांबलं, मग गौरा पण जायची थांबली. आणि जगन ओट्यावर उभा राहून ओरडून सांगतो की हा भगत नाही, हा दवाखाना नाही, हा गोऱ्या लोकांचा देव पण नाही, सुताराच्या घरी वाढलेला गरिबाचा पोर होता, बरं व्हायला त्याच्याकडे येऊ नका. मग कशाला यायचं? तर म्हणे माफी घ्यायला. मी मनात म्हटलं, मी कोणाचं काय केलंय?

मग त्याने एक गोष्ट सांगितली. एक द्राक्षबागेचा मालक. सकाळी नाक्यावरून मजूर घेऊन गेला. दुपारी आणखी घेऊन गेला. दिवस मावळायला आला तेव्हा नाक्यावर उरलेले होते त्यांनाही घेऊन गेला. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी दिली.

मी उभी राहिले. राहावलंच नाही. तू आणि मी दिंडोरीला बागेत होतो, तुला आठवतं ना? द्राक्षाच्या घडातले मणी कातरून कातरून तुझी बोटं सुजायची.

"जगन्या, हा मालक कुठला? सकाळच्या बायांनी काय केलं ते सांग."

"कुरकुर केली, काकी."

"नुसती कुरकुर? आम्ही असतो तर कात्र्या त्याच्या दारात टाकून निघालो असतो."

"का? तुला ठरलेली मजुरी मिळाली की नाही?"

"मिळाली. पण त्या शेवटी आलेलीला माझ्याएवढी का?"

"मालकाला द्यावीशी वाटली."

"मग उद्या सकाळी येईल कोण? सगळ्या संध्याकाळीच येतील नटून."

ओटाभर हसू झालं. जगनला पण हसू आलं. पण नंतर तो म्हणाला, "काकी, तुला वाटतं तू सकाळची आहेस. इथे सकाळचं कोणीच नाही. आपण सगळे दिवस मावळताना आलेले."

जन्मभर मी कोंबड्याच्या आधी उठले. दळलं, लाकडं आणली, दुसऱ्याच्या बागा कातरल्या. आणि हा चिंचा चोरणारा मला सांगतो की तू संध्याकाळी आलीस. मी उठून आले.

त्यानंतर मी एक केलं. बाजाराच्या दिवशी तो घरी नसताना बोकड त्याच्या दाराला बांधून पळून आले. म्हटलं, आता ठेव नाहीतर काप. तर दुसऱ्या दिवशी हा माणूस मांडीवर बोकड घेऊन जीपमधून साखरशेतला उतरला. वाटेत बोकडाने एका बाईची कोथिंबिरीची जुडी खाल्ली, ती जगनला भरून द्यावी लागली. पाड्याने हसून घेतलं. तुझा बाप म्हणाला, "देवाचं माहीत नाही, पास्टरला मात्र नवस महागात पडला." मी हसले नाही. मला रडू येत होतं आणि ते मला चुलीपाशी जाऊन लपवावं लागलं.

मग फागू भगताकडे गेले. म्हटलं, फागूदादा, असं असं झालंय, तू हा बोकड आपल्या कुठल्या तरी देवाला चढवून टाक आणि मला मोकळं कर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मला शिव्या देईल असं वाटलं होतं, नाही दिल्या. म्हणाला, "ज्याला बोललीस त्याचा तो बोकड. दुसऱ्याच्या नावचा बोकड मी आपल्या देवापुढे कसा उभा करू? त्याच्याकडूनच सोडवून आण."

"तो घेत नाही, दादा."

"घेत नाही असा देव मी बघितला नाही," फागू म्हणाला. "घेत नसेल तर त्याच्या मनात दुसरं काही घ्यायचं असेल."



आणि फागूने आणखी एक सांगितलं, जे मला आधीच माहीत होतं, आमच्या आईचंही हेच म्हणणं होतं. पोरासाठी नवस बोललेल्या बाईने नवस फिटेपर्यंत त्या पोराचं तोंड बघायचं नाही. बघितलं तर देव आठवण करून देतो.

लिहून गेले. पोरासाठी म्हणून लिहून गेले. बरं, आता लिहिते.

तुझं पहिलं सातव्या महिन्यात गेलं तेव्हा मी आधीच हिरव्याला बोलून ठेवलं होतं. तुला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या वेळी कणसरीला बोलले, नागलीचं पहिलं कणीस तिच्यापुढे ठेवलं. ते पोर जन्मलं, रडलं पण होतं म्हणे, पण पाचवी पूजायच्या आत गेलं. तेव्हा मी फागूकडून राख आणि दोरा घेऊन नाशिकला आले, आणि तुझ्या दंडाला दोरा बांधला. तू तो कात्रीने कापलास. माझ्यासमोर. म्हणालीस, "असलं काही घेऊन परत माझ्या दारात येऊ नको." मी म्हणाले, "तुझ्या देवाने खाल्लं पोर." तू ऐकलंस, चंदूने ऐकलं, त्याच्या आईने ऐकलं. मी बोलले ते बोलले. त्या दिवशी मला तसंच वाटत होतं.

मग तुला परत दिवस गेल्याचं पुष्पाकडून कळलं. मी फागूकडे गेले. तो म्हणाला, "हौशी, पोरगी दुसऱ्या देवाच्या घरात गेली. तिथे आपल्या देवांचा हात पोचत नाही. दोनदा बघितलंस ना?" मी बाहेर बांधावर बसून विचार केला. पोर ज्याच्या घरात जन्माला यायचं त्या घरच्याच देवाला सांगायला पाहिजे. यात न समजण्यासारखं काय आहे? पोलीस पाटील पण ज्याच्या त्याच्या गावचा असतो.

म्हणून गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी जगनच्या आईला वरई देते या निमित्ताने मोखाड्याला गेले. रामी आत चहा ठेवत होती. ओट्याच्या भिंतीवर निळ्या रंगाने त्यांची खूण काढलेली आहे, आडवी उभी. मी त्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, तू मला ओळखत नाहीस, मी तुला खूप बोलले आहे, पण हे पोर तुझ्या घरचं आहे. हे जगू दे, मी तुला बोकड देईन, मग मला काही मागायचं नाही. रामीने चहा आणला. मी चहा पिऊन घरी आले. एवढंच झालं.

पोर जगली. जानेवारीत पुष्पाने सांगितलं की मुलगी आहे, पाचवी झाली, बारसं झालं, अंगाने भरलीय, आवाज मोठा आहे. आवाज माझ्यावर गेला असणार. नाव काय ठेवलंय ते पण पुष्पाने सांगितलं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी आले नाही, निरोप धाडला नाही, तुला वाटलं असेल आईचा राग अजून आहे. राग होता, पण त्यासाठी मी थांबले नव्हते. बोकड मोठा व्हायची वाट बघत होते. नवस फेडायचा आणि मग पोरीला बघायला यायचं, असं मी ठरवलं होतं.

आता तुला कळेल जगनचं ते वाक्य मला का लागलं. तू काही बोलली नसतीस तरी त्याने दिलं असतं. मग पहिल्या दोघांना का नाही दिलं? हिरव्याने नाही ऐकलं, कणसरीने नाही ऐकलं, तर मी समजते की माझं काही चुकलं असेल, काही कमी पडलं असेल. कमी पडलं तर पुढच्या वेळी जास्त करता येतं. पण हा फुकटच देणारा, कशाच्याच बदल्यात न देणारा, तर त्या दोघांच्या वेळी हा कुठे होता?

परवा पुष्पाने दवाखान्याचं सांगितलं तेव्हा मी हातातला हंडा तिथेच टाकला, बोकडाची दोरी सोडून त्याला बरोबर घेतलं आणि मिळेल त्या जीपने मोखाड्याला गेले. मंगेशने मागून हाक मारली, "अम्मा, किधर?" त्याला हात केला नाही.

जगन कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी त्याच्या अंगावर ओरडले. "हा घे बोकड. आता तरी घे. पोर दवाखान्यात आहे. तुझा देव वसूल करतोय."

तो दाण्याचं सूप खाली ठेवून आला. म्हणाला, "काकी, तो वसूल करत नाही."

"मग का आजारी पडली?"

"मला माहीत नाही."

"मग तुला काय माहीत आहे? दर रविवारी ओरडतोस ते काय?"

"एवढंच माहीत आहे की बोकडामुळे नाही. तुझ्यामुळे नाही."

"पहिले दोन कोणामुळे गेले?"

"तेही मला माहीत नाही, काकी." आणि तो रडायला लागला. पास्टर रडतात हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, "माझा भाऊ कावीळ होऊन गेला तेव्हा मी इथे गुडघ्यावर पडून होतो. तो गेला. मी तरी अजून इथेच आहे. का ते विचारू नको, मला सांगता येत नाही."

मला त्याचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं. रागात मला काम सुचतं.

मी म्हटलं, "जगन, मला काहीतरी करायला दे. बोकड नको, ठीक आहे. उपास सांग. चालत नाशिकला जायला सांग. ओटा सारवून देते वर्षभर."

"करण्यासारखं काही नाही, काकी. ते सगळं झालंय." मग त्याने मला ते सांगितलं जे मी ओट्यावर आधी ऐकलं होतं पण कानावरून जाऊ दिलं होतं. की देवच बोकड झाला. माणसाने देवाला द्यायचं ते देवाने स्वतःच दिलं, स्वतःला कापू दिलं, आता परत कोणाला काही कापायला नको. प्रगती, असं कुठे असतं? देव खातो. देवाला कोणी कापतं का? तू हे मानतेस? मनापासून? मला खरंच विचारायचं आहे, टोमणा मारत नाही.

मी त्याला विचारलं, "त्याला खिळे मारले तेव्हा त्याला आई नव्हती का?"

"होती. तिथेच होती."

"मग तिने काय केलं?"

जगनने खाली ठेवलेलं सूप परत उचललं.

"सांग ना. ओरडली? शिपायांच्या पाया पडली? देवाला काही बोलली असेल?"

"तसं काही लिहिलेलं नाही, काकी. उभी होती, एवढंच आहे."

"नुसती उभी?"

"नुसती उभी."

रामीने पाणी दिलं, ते प्यायले, बोकड घेऊन परत आले.

इतक्या रविवारांत मला समजलं ते एवढंच. कृपा, तारण, माफी हे माझ्या डोक्यात बसत नाही, खोटं कशाला बोलू. मला फुकट घेता येत नाही. कोणी फुकट दिलं की मला वाटतं आता हा काय मागणार. पण ती बाई मला समजली. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं आणि कोणी घेतलंही नसतं. तिने काय करावं? तरी तिला जवळ उभं राहू दिलं होतं. आपल्या पोराला ती दिसत होती, पोर तिला दिसत होतं.

फागू म्हणतो, फेडल्याशिवाय गेलीस तर पोरीवर येईल. जगन म्हणतो, फेडायचं काही नाहीच, आज जा. दोघेही छातीला हात लावून सांगतात. दोघांपैकी एकाचीही नात त्या नळीला लावलेली नाही. जगनचं खरं असेल तर मी इथे नागली झोडत बसलेय हा शुद्ध मूर्खपणा. फागूचं खरं असेल तर मी नुसती येऊन तिला मारीन. काल एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले होते. नाशिकची गाडी आली, कंडक्टरने विचारलं, "यायचंय का, मावशी?" मला हो म्हणता आलं नाही आणि नाही पण म्हणता आलं नाही. गाडी गेली.

मला ठरवता आलं नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. माझा बाप मेला तेव्हा, तुला घरी आणायचं की आश्रमशाळेत ठेवायचं तेव्हा, सगळं मी चुटकीत ठरवलं, चुकलं असेल पण ठरवलं. या वेळी माझे हातपाय चालत नाहीत. म्हणून हे तुझ्यावर टाकते. तू दोन्हीकडची आहेस. माझ्या पोटची आहेस आणि त्याच्या घरातली आहेस. त्याला तू जास्त ओळखतेस. फेडल्याशिवाय मी आले तर चालेल का? पोरीला काही होणार नाही ना? त्याला विचार, नाहीतर तुझं तुला काय वाटतं ते सांग. तू सांगशील ते मी ऐकेन. हे पण मी आजवर कोणाला म्हटलं नव्हतं.

ये म्हणालीस तर काही घेऊन येणार नाही. राख नाही, दोरा नाही, तांदूळ नाही. चंदूच्या आईसमोर तोंड उघडणार नाही. पोरीला हात लावणार नाही. आत सोडत नसतील तर बाहेर भिंतीशी उभी राहीन, काचेतून दिसली तर दिसली.

नको म्हणायचं असेल तर जिवाला नुसतं नको एवढंच सांग. कारण सांगू नको, मला त्यावर भांडता येणार नाही इतक्या लांबून.

हे पत्र त्याच्याच गाडीत देते. तो दुपारी तुमच्याकडे पोचेल आणि संध्याकाळी परत फिरेल. वर आशीर्वाद लिहिलाय. तो लागतो की नाही हे आता मला सांगता येत नाही, पण खोडत नाही.

जिवाची गाडी परत येईपर्यंत रस्त्यावर उभी असलेली,

तुझी आई
हौशी